चांगला पाय

४ मार्च

चि. ठकीस आत्याचा आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या खुशालीला दीड पान आणि माझ्या पायाला एक ओळ, यावरून घरातली माझी पायरी कळली. तुझ्या उंदरांची डाव्या टाचेमागची शीर दुखावली, की दर आठवड्याला त्यांची सोनोग्राफी. मी जिन्यावरून घसरून तीच शीर फाडून घेतली, तर परवा एका तपासणीसाठी दोन तास बाकावर बसून पाठ धरली. मग डॉक्टरने आधी डाव्या टाचेवर यंत्र फिरवलं, मग उजवीवर, आणि डावी आता चांगल्या पायासारखीच दिसते असं जाहीर केलं. कुठला चांगला पाय, असं मी विचारलं. तीन महिने सगळा भार उजव्यावर टाकून लंगडतेय, आता तोच जास्त ठणकतो. वयामुळे होतं, म्हणे. डाव्याचं वय वेगळं आहे का, असं विचारल्यावर नर्सने तोंड फिरवलं.

शेजारणीच्या वहीशी जुळलं म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही, हे कॉन्व्हेंटात आम्हाला पहिलीत शिकवलं होतं. तुझा शोधनिबंध शुक्रवारी जाणार ना? मग एकदाचा फोन उचल.

रागावलेय, पण लोभ कमी नाही.

आत्या

१७ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून सगळी मोजमापं पुन्हा काढली. औषधाने सहा आठवड्यांत दुखावलेली डावी शीर उजवीसारखी झाली, एवढ्याच वाक्यावर माझा निबंध उभा होता. उजवीला कुणी हात लावला नव्हता, म्हणून ती चांगली धरली. आता कधीच न दुखावलेल्या उंदरांशी ताडून पाहिलं. माझ्या उंदरांच्या उजव्या शिरा लंगडून जाड झाल्यात. डावी सुधारलीच नव्हती, उजवी बिघडली होती.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, सगळे असंच ताडतात, पाठवून दे. मी नाही पाठवला. पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे वर्ष गेलं. सर बोलत नाहीत. आत्या, तुला गप्प बसता येत नव्हतं का?

माया असू दे, सल्ला नको.

ठकी

२५ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद, वि. वि.

गप्प बसता आलं असतं, तर माझी मुख्याध्यापिका म्हणून बढती चार वर्षं अडली नसती. शाबासकी देत नाही. वर्ष तुझं गेलं, माझं नाही, त्यामुळे ती मला फुकट पडते.

पण न बोलणाऱ्या माणसाचा पत्ता मात्र उलट टपाली धाड. इंग्रजीत लिहीन, म्हणजे सरांना राग आला तरी चुका काढता येणार नाहीत.

तुझ्यावर चिडायचा हक्क राखून,

आत्या