कट्टा फुटला त्याची हकिकत

रेडमंड, १२ नोव्हेंबर २००७

ती. शोभामावशीस,

गुरुनाथचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? आम्ही धडधाकट आहोत, निदान शरीराने. (पत्र हाताने लिहितोय, कारण ईमेलवरचा माझा विश्वास उडालाय.)

आपला ऑनलाइन कट्टा तुला ठाऊकच आहे. टोपणनावाने लिहायचं, खरं नाव कुणाला कळायचं नाही. चार वर्षं मीच तो सांभाळतो. हिमानी म्हणते, नवरा राबतो फुकट, पण ऐट पगारदाराची. सॉफ्टवेअर अपडेट करा, अशी सूचना मार्चपासून येत होती. मी दर वेळी 'नंतर' दाबलं. ऑफिसात दिवसभर तेच करून घरी पुन्हा कोण करणार? गेल्या सोमवारी कुणीतरी आत शिरलं आणि सगळ्यांची खरी नावं, पासवर्ड, खाजगी निरोपसुद्धा नेटवर उघडे टाकले.

मी सगळ्यांना ईमेलने कळवलं, की पासवर्ड बदला, तोच बँकेला असेल तर तिथेही बदला, अनोळखी लिंक उघडू नका. त्यावर अकरा जणांनी विचारलं, ही ईमेल तरी तुमचीच कशावरून? (बरोबरच होतं.) 'रणरागिणी' नावाने भांडणारी बाई म्हणजे एक निवृत्त काका निघाले. लोक हसले. मीही हसलो.

मंगळवारी रत्नाचा फोन आला. ती इथल्या शेजारच्या बेलव्ह्यूची, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. नवरा मारतो, असं तिने कट्ट्यावर वर्षभर लिहिलं होतं. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्याला ते दाखवलं. ती इतकंच म्हणाली, "नाव कळणार नाही म्हणाला होतात ना?" मी फोन हिमानीकडे दिला. हिमानीने गाडीच्या किल्ल्या उचलल्या. रत्ना एका लॉन्ड्रीत बसली होती, पायात घरातल्या सपाता, डावा हात उजव्या हाताने धरलेला. हाड मोडलंय. हॉस्पिटलात आणि पोलिसांशी हिमानीच बोलली. मी घरी येऊन कट्टा बंद केला. पाच मिनिटं लागली. अपडेटला तेवढीच लागली असती.

हिमानी माझ्याशी कामापुरतंच बोलते.

तुझा,
गुरुनाथ

ता. क. तुझाही पासवर्ड बदल. (काकांचं नाव आणि पुढे १२३, हे आता जगजाहीर आहे.)

ता. क. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, धीर झाला नाही. रत्ना आमच्याकडे आहे, पण तिच्या नवऱ्याला आमचं घर माहीत आहे. काल त्याची गाडी समोर तासभर उभी होती. शनिवारी दुपारी दोनला तिचं विमान तुमच्या मिनियापोलिसला उतरतं. तिला ठेवून घेशील? तुला न विचारताच तिकीट काढलंय. तिच्यासमोर माझं नाव काढू नकोस.