घोड्याविना शिंगरू

घाटनांदूर,
पोळ्याचा आदला दिवस, २००३

रा. रा. केदारनाथ मेहुणेसाहेब यांसी दाजी संगमेश्वर यांचा शरणार्थ.

हैदराबादचं पाणी मानवलं असेल, नोकरी शाबूत असेल आणि डोक्यावर थोडेफार केस उरले असतील, असं धरून चालतो. इकडे मी, तुमची बहीण नीलम्मा, कापडदुकान आणि शेवंता घोडी असे सगळे खुशाल आहोत. शेवंता अलीकडे जरा सुटली आहे, पण उतारवयात माणसंही सुटतात.

आता मुद्द्याचं. पेपरात आलंय की इटलीत एका घोडीच्या कातडीतल्या पेशीपासून हुबेहूब तिच्यासारखं शिंगरू तयार केलं, आणि वाढवलं तेही तिच्याच पोटात. घोड्याचा संबंधच नाही. हे वाचून मी दुकानात गिऱ्हाईक उभं असताना नाचलो (गिऱ्हाईक म्हणजे छबुबाई, त्या ब्लाउजपीस तिथंच टाकून निघून गेल्या). शेवंता आता थकत आली. गावातले निम्मे नवरदेव तिच्यावर बसून मारुतीला गेले. तिच्यामागं दारातला खुंटा रिकामा राहणार, हे मला सोसवत नाही. नेहमीच्या पद्धतीनं शिंगरू हवं तर जवळपास घोडा एकच, तो अर्जुनरावांचा. आणि ह्याच अर्जुनरावांनी चावडीवर चारचौघांत सांगितलं होतं की शेवंतेच्या कपाळावरची केसांची भोवरी अपशकुनी आहे. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. त्या माणसाच्या दारात मी घोडी घेऊन जाऊ? वर घोडीच्या नात्यानं ते माझे व्याही होणार, आणि मी मुलीकडचा म्हणून मान खाली घालून उभा. शिवाय त्या पद्धतीत शिंगरू अर्धं बापाचं, आणि हा बाप चावरा. क्लोनिंगमध्ये भोवरीसकट सगळं आपलंच. (त्रिंबक न्हावी दाढी करता करता विचारतो, "मालक, ते शिंगरू शेवंतेला आय म्हनंल का भैन?" मी अर्ध्या दाढीनिशी उठून आलो.)

तर तुम्ही लॅबमध्ये आहात. तिथं माणसांचं रक्त आणि लघवी तपासतात हे मला माहीत आहे, पण लॅब ती लॅब. सोबत शेवंतेचे केस मुळासकट पाठवत आहे. उपटताना तिनं लाथ घातली आणि मी कडब्याच्या गंजीत गेलो. आमच्या बंकट गड्याला माझे फक्त पाय दिसले, तो म्हणतो, "मालक, आत काय हुडकायलाव?" कातडीचा तुकडाही काढणार होतो, पण वस्तरा घेऊन गोठ्यात शिरलो तेव्हा तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी त्याच वस्तऱ्यानं उरलेली दाढी केली आणि परत आलो. पेशी थंड ठेवतात म्हणे, म्हणून केस दुपारभर पंडित कुल्फीवाल्याच्या पेटीत ठेवले. संध्याकाळी कुल्फीत केस निघाला म्हणून दोघे भांडायला आले. त्यांच्याकडून ते केस मी परत मागून घेतले आहेत, तेव्हा एखाद्याला वेलची लागलेली असेल, ती झटकून घ्या.

थोरांच्या पायांवर डोकं, लहानांच्या पाठीवर हात.

तुमचा, घोडीपायी वेडा झालेला,
दाजी संगमेश्वर

ता. क. अर्जुनरावांच्या कानावर जाऊ देऊ नका. शिंगरू झालं की मी ते स्वतः त्यांच्या दारावरून मिरवणार आहे.

दुसरा ता. क. केदार, पत्र पोस्टात टाकाया माज्याकडं दिलंय, म्हनून मी नीलम्मा लिहिते. शिवरातीला तुजे दाजी मालाच्या खरेदीला सोलापूरला गेलते, तवा मी शेवंतेला अर्जुनरावांच्या घोड्याकडं नेऊन आनलं. ह्यांचा रुसवा सरंपर्यंत घोडी थांबती व्हय? अर्जुनराव गुपचूप सरकी पाठवतेत, सुनंला जपा म्हनतेत. त्यांनाबी ह्यांच्याबिगर करमत न्हाई, पन पयलं कोन बोलनार? आता संक्रांतीच्या पुढं-मागं शेवंता विनार. तर तू असं लिव्ह, की केस पोचले, त्याचा अर्क काढला, आन सोबत साखरेची पुडी पाठव. मी ह्यांच्यासमोर शेवंतेला पाजते. इटलीत अकरा महिने लागत असतील, आपल्याकडं ऊन लई, म्हनून पाचातच होतं, असं ठासून लिव्ह. फक्त शिंगरू नर निघालं, तर ह्यांना काय सांगायचं, ते तुज्या लॅबातल्या मोठ्या साहेबाला आत्ताच इचारून ठेव.