लिंडलीने ‘पडलो’ म्हटलं होतं

कॅरो कॉलेज, मुक्काम क्लिंगरबाईंची खाणावळ
दहाव्या महिन्याचा अखेरचा आठवडा, १८९३

तीर्थरूप टेसीताई,

(आपल्या मित्रसभेत कुणाच्या नावाला मानाचे शब्द लावत नाहीत, राज्यपालालाही आपण ‘तू’च म्हणतो, हे मी विसरलेलो नाही. पण तू मला मांडीवर घेऊन भरवलं आहेस, आणि पुढचा मजकूर वाचून तू रागावणार आहेस, तेव्हा एवढं चालवून घे.)

मी इथे देवाच्या कृपेने धडधाकट आहे. तुझा गुडघा थंडीने पुन्हा धरला का? सफरचंदं आटवून झाली असतील. या वर्षी कढई ढवळायला मी नव्हतो, तेव्हा तळाला लागली असली तर तो दोष माझ्या खाती घाल. तांबडी गाय व्यायली असली तर वासराला दोन दिवस तरी आईजवळ राहू दे, घाई करू नकोस.

तू मला ज्या कामाला पाठवलंस ते सरळ होतं. तुझ्या लिंडलीच्या कॉलेजात जायचं, त्याला फुटबॉल नावाच्या प्रकारातून सोडवायचं आणि पहिल्या गाडीने घरी आणायचं. ते झालं का, हे तू आधी विचारशील. ताई, मी क्रमाने सांगतो. मला अजून क्रमाशिवाय काही आठवायची भीती वाटते.

मी समजत होतो की फुटबॉल म्हणजे पायाने चेंडू उडवायचा आणि मागे धावायचं, वासरं मोकळी सोडल्यावर धावतात तसं. तसं काही नाही. चेंडूला पाय क्वचितच लागतो. माणसाला मात्र सारखा लागतो. स्टेशनवर लिंडली घ्यायला आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. केस मानेवर रुळत होते. (डोक्याला मार बसू नये म्हणून सगळेच वाढवतात, असं तो म्हणाला. टोपी घातली तर चालणार नाही का, असं मी विचारलं, त्यावर तो नुसता हसला.) गळ्यात दोरीला बांधलेलं एक काळं रबरी नाक लोंबत होतं.

“हे काय?”

“नाकावर बसवायचं, मामा.”

“आणि देवाने दिलेलं?”

“ते याच्या आत राहतं.”

त्याच्या खोलीत खेळाचे कपडे वाळत होते. जाड कापडाचा, पुढून नाडी आवळायचा अंगरखा, आणि कापूस ठासून भरलेली विजार. विजारीच्या दोन्ही कुशींना चामड्याच्या मुठी शिवल्या होत्या, ट्रंकेला असतात तशा. त्या कशाला, असं मी विचारलं. “मला उचलायला,” असं तो म्हणाला. ताई, त्या रात्री मी प्रार्थना नेहमीपेक्षा लांबवली.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांचा शिकवणारा आला. क्रॅडॉक त्याचं नाव. गेल्या वर्षीच इथून पदवी घेतलेला, मिशा अजून नीट न फुटलेला पोरगा, पण बोलणं सेनापतीचं. मी विरोध करायला आलो आहे हे कळताच त्याने माझ्यासमोर क्लिंगरबाईंचे उकडलेले बटाटे टेबलावर मांडले. सर्वांत मोठा बटाटा टोकाला, त्याच्यामागे दोन्ही बाजूंनी फाकत गेलेल्या रांगा. आपण ओंडका फोडायला लावतो ती पाचर, ताई, अगदी तशी. प्रत्येकाने पुढच्याला धरायचं आणि सगळ्यांनी मिळून, दूरवरून धावत येऊन, समोरच्यांच्या फळीत घुसायचं. समोरचे म्हणजे गाजरं.

“आणि हा आतला छोटा बटाटा, काका, तुमचा भाचा. चेंडू याच्याकडे.”

“गाजरांचं काय होतं?” मी विचारलं.

क्रॅडॉकने दोन्ही हातांनी सगळे बटाटे एकदम पुढे लोटले. एक गाजर माझ्या मांडीवर आलं.

“अरे, अन्न आहे ते!” क्लिंगरबाई स्वयंपाकघरातून कडाडल्या. “खायचं तर खा, नाहीतर ऊठ! मागच्या हप्त्यात माझी अंडी अशीच फोडलीस!”

मी त्याला विचारलं की एवढ्या दांडग्या पोरांमधून आमचा सडपातळ लिंडलीच आत का? तर तो म्हणाला, “आवाज करत नाही म्हणून. बाकीचे हुंकारतात, धापा टाकतात, चेंडू कुणाकडे आहे ते आंधळ्यालाही कळतं. हा प्रार्थनेला बसल्यासारखा पळतो. मागच्या सामन्यात समोरच्यांनी तीन वेळा भलत्यालाच आडवं केलं.” आपल्या घराच्या वळणाचं परक्या ठिकाणी कौतुक ऐकून मला क्षणभर बरं वाटलं, हे कबूल करतो. तेवढा क्षणच.

शनिवारी (इथे सगळे शनिवारच म्हणतात, आपल्यासारखं ‘सातवा दिवस’ म्हटलं की मोजायला लागतात) डंबार्टनच्या कॉलेजाशी सामना होता. मैदानाभोवती दोर लावलेले, दोरामागे घोडागाड्या, गाड्यांवर उभ्या राहिलेल्या बायका. कॉलेजच्या प्रमुखाने आधी दोन्ही बाजूंच्या हातापायांसाठी प्रार्थना केली आणि मग कुणाचे हातपाय जातात ते नीट दिसावं म्हणून पुढची खुर्ची घेतली. माझ्या शेजारी ग्रीक शिकवणारे वृद्ध गृहस्थ होते. आधी त्यांनी माझ्याशी फार सुंदर, संथ स्वरात ओक वृक्षांबद्दल गप्पा मारल्या. खेळ सुरू झाला आणि ते खुर्चीवर चढून ओरडू लागले, “चिरडा त्याला! त्या लंगड्याकडून घुसा! लंगडा आहे तो!” मी त्यांच्या कोटाचं टोक धरून ठेवलं, पडू नयेत म्हणून. ते मला महाशय म्हणायचे सोडून गाढवा म्हणाले.

खेळ कसा असतो ते मी सांगू शकत नाही, फक्त काय दिसलं ते सांगतो. एक पोरगा मध्येच मोठ्याने आकडे म्हणतो, सात, बावीस, चार. मला वाटलं बेरीज आहे, मी मनात तेहतीस केले. पण उत्तर कुणी देत नाही. त्याऐवजी सगळे एकमेकांच्या अंगावर जातात. मग ती पाचर आली, ताई. बटाटे पाहिले होते म्हणून मी तयार होतो असं वाटलं होतं. पण बटाट्यांना पाय नसतात. जमीन हादरली, आणि डंबार्टनचा एक पोरगा, बहुधा कुणा आईचा एकुलता एक, पाचरीच्या टोकाखाली स्वतःहून आडवा पडला, लाकडाच्या गाडीखाली दगड सरकवतात तसा. पुढे काही काळ नुसते बूट दिसत होते. आणि तोच मुलगा उठून, तोंडातली माती थुंकून, परत आपल्या जागी हसत गेला. घोड्यालासुद्धा इतकी अक्कल असते की एकदा लागलं की तिथे तो परत जात नाही.

मी क्रॅडॉकला गाठून विचारलं, “अरे, पण हे थांबतं कधी?”

“चेंडूवाला ‘पडलो’ म्हणून ओरडला की.”

“म्हणजे तो पडला की?”

“नाही काका. पडून काय होतं? पडल्यावरही ओढता येतं, सरपटता येतं. त्याने स्वतः ओरडायला हवं. पंचाच्या कानावर पडलं की शिट्टी.”

“आणि नाही ओरडला तर?”

“ओरडतात हो. सगळे ओरडतात.”

ताई, तेव्हा माझ्या मनात काय आलं ते तुलाच कळेल. ओरडणारं आपल्याकडे कोण आहे? बाबांची गोष्ट तू विसरली नसशील. कोठार पेटलं तेव्हा बाबा शेजारच्या असीसाकडे चालत गेले, पायरीवर बूट पुसले, आणि त्याचं जेवण उरकेपर्यंत थांबून म्हणाले, “असीसा, सवड असेल तर ये, आमचं कोठार जळतंय.” त्या घरात तू वाढलीस, आणि त्याच वळणाने तू लिंडलीला वाढवलंस. आवाज चढला की आतला प्रकाश विझतो, हे तुझे शब्द. पाळण्यातही हे पोर हुंदका गिळून रडायचं.

आणि पुढच्याच फेरीत चेंडू त्याच्याकडे आला. पाचर निघाली, भिडली, फुटली, आणि मधोमध तो उघडा पडला. डंबार्टनच्या चौघांनी त्याचे पाय धरले. आपल्यांनी (म्हणजे कॅरोच्या पोरांनी) त्या चामड्याच्या मुठी धरल्या. आणि दोन्हीकडून ओढायला सुरुवात झाली. अडलेलं वासरू ओढताना आपण दावं लावतो, पण तिथे निदान एकाच बाजूने ओढतात. वरून आणखी पोरं येऊन पडत होती. त्या ढिगाच्या तळातून लिंडलीचं तोंड तेवढं माझ्याकडे होतं. रबरी नाक कानावर सरकलेलं. आणि ओठ हलत होते. मला ऐकू काही येत नव्हतं, पण मी त्या पोराला बोलायला शिकवलं आहे, मला ओठ कळतात. तो ‘पडलो’ म्हणत होता. जेवताना आपण मीठ मागतो त्या आवाजात. थांबला, पंचाला सवड मिळावी म्हणून, आणि पुन्हा म्हणाला. मला वाटतं दुसऱ्या वेळी त्याने ‘कृपा करून’ही जोडलं. पंच पलीकडे शिट्टी ओठांत धरून वाट पाहत होता. लिंडलीचा चेहरा लाल होता, मग तो लाल राहिला नाही.

मी आपल्या मूक प्रार्थनासभेच्या बाकावर मिसरूड फुटल्यापासून दर आठवड्याला बसतो. इतरांना आतून हाक येते, ते उठून बोलतात. मला कधी आली नाही. मी त्याबद्दल तक्रार केली नाही, देवाला माझ्याकडून काही सांगायचं नसेल असं समजून चाललो. त्या दिवशी दोराशी उभा असताना मला पोटातून काहीतरी वर येताना कळलं, मी तोंड घट्ट मिटलं, आणि तरी ते आलं.

“पडलोऽऽऽ!”

ताई, तो माझा आवाज होता. मला माहीत नव्हतं की तो आहे. घोडे बुजले. ग्रीकवाले गृहस्थ खुर्चीवरून खाली आले. पंचाची शिट्टी आपोआप वाजली, आणि बावीसच्या बावीस पोरं होती तिथे थिजली. त्या शांततेत मी डोक्यावर टोपी नाही, दोर ओलांडलेला, असा मैदानात उभा होतो.

डंबार्टनचा कप्तान हॉलोपीटर, दाराच्या चौकटीत मावणार नाही असा, माझ्याकडे बोट दाखवत आला. “हा बघा! हा म्हातारा उभा आहे, आणि म्हणतोय पडलो! पंच, हे चालतं? उद्या आमची आजी ओरडेल घरून!”

पंचाने लिंडलीला ढिगातून काढून विचारलं, “तू ओरडलास का?”

लिंडलीने आधी श्वास घेतला, मग तोंडातली माती बाजूला केली. “ओरडलो नाही. म्हटलं होतं. दोनदा.”

“मग ऐकू का नाही आलं?”

“तू दूर होतास.”

हॉलोपीटर हसला. “पंच, हा खोटं बोलतोय!”

यावर त्यांच्याच बाजूचा, तो पाचरीखाली पडणारा पोरगा म्हणाला, “नाही रे हॉलोपीटर. मी त्याच्या मानेवर बसलो होतो. म्हणत होता बिचारा. मला वाटलं प्रार्थना करतोय.”

पंचाने ‘पडला’ असा निर्णय दिला आणि मला दोन गाड्यांच्या मागे नेऊन उभं केलं. सामना आपण हरलो. त्याचं मला काही नाही.

रात्री मी लिंडलीला तुझा निरोप सांगितला. कान सुजला आहे, एक दात हलतो, बाकी सगळं त्याच्या जागी आहे, मी स्वतः दाबून पाहिलं. तो म्हणाला, “मामा, हंगाम संपेपर्यंत खेळेन असा या पोरांना शब्द दिला आहे. आईने शब्द मोडायला सांगितला तर येतो.” शब्द मोडायला तू सांगणार नाहीस हे त्याला ठाऊक आहे, आणि मलाही. तेव्हा पहिल्या गाडीने आम्ही येत नाही. दुसऱ्याही नाही.

तुझ्या घरी शांतता नांदो, आणि हे पत्र वाचून झाल्यावरही नांदो.

तुझा लहान भाऊ,
एबर

ता.क. माझी टोपी डंबार्टनच्या पोरांनी तुडवली. कानावर येणारी जुनी लोकरीची असेल ती पाठव. अखेरचा सामना अकराव्या महिन्याच्या शेवटी आहे आणि त्या मैदानावर वारा फार लागतो.

आणखी ता.क. टोपीसाठी एवढं लांब पत्र लिहिलं नाही. खरं काम हे. मी लिंडलीला म्हटलं, बाबा रे, खेळ, पण ओरड. तो म्हणाला, “आईने नको म्हटलं आहे.” मी म्हटलं, मामा परवानगी देतो. तो म्हणाला, “मामाची चालत नाही.” तेव्हा ताई, त्याला एक ओळ लिही की मानेवर माणूस बसला असताना आवाज चढवला तर आईला चालेल. परतीच्या टपालाने लिही. दर वेळी दोराशी मी असेनच असं नाही. असलो तरी पंचाने मला बजावलं आहे.

शेवटचं. असं लिहिणं तुला जड जाईल, हे मला कळतं. आधी तू स्वतःच एकदा गोठ्यामागे जाऊन, आसपास कुणी नसताना, ओरडून बघ. गाई दचकतील, एखादी पान्हा चोरेल, पण संध्याकाळच्या धारेपर्यंत सगळ्या जागेवर येतात. क्लिंगरबाईंच्या गाईंवर मी रोज सकाळी करून पाहतो आहे.