आकारामसाठी आणलेला हार

कोडोलीच्या पलीकडची वाडी,
ता. ९ ऑक्टोबर १९७४

तीर्थस्वरूप दत्तोपंत भाऊजींस नृसिंहाचा साष्टांग नमस्कार. अक्काचे गुडघे आणि शाहूपुरीतला तुमचा फोटो स्टुडिओ कसे चालले आहेत ते कळवावे. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण मी नाही लिहिणार. माझं डोकं तापलंय, आणि ऐकून घ्यायला वाडीत कुणी मोकळं नाही. सगळे सिनेमातला नट बघितल्याच्या आनंदात आहेत.

आमचा शिपाई आकाराम गेल्याचं मागच्या पत्रात लिहिलं होतं. तिसरीच्या वर्गाची भिंत खचायला लागली तसा तो आत धावला, एकोणीस पोरं ढकलून बाहेर काढली, आणि विसावं राहिलं म्हणून परत आत गेला, तोच छप्पर अंगावर आलं. (विसावं त्या दिवशी आजोळी गेलं होतं.) तेव्हापासून पोरं गप्प आहेत, बाक सरकला तरी दाराकडे पळतात. त्याच्या बायकोनं, तानाबाईनं, एकच मागितलं. म्हणाली, "ह्यांचा एकबी फोटू न्हाई घरात. शाळंत आसंल तर बगा की, गुरुजी." वीस वर्षं घंटा दिली माणसानं, पण शाळेतही फोटो नाही.

यावर आमच्या शाळा कमिटीचे चेअरमन हंबीरराव काय म्हणाले असतील? म्हणाले, शोकसभेला चंद्रसेनला आणू. चंद्रसेन म्हणजे सिनेमात घोड्यावरून उडी मारतो तो. पन्हाळ्यावर शूटिंग होतं, हंबीररावांच्या डेअरीचं दूध तिकडे जात होतं, तेवढ्यावर ओळख. वर तानाबाईला सांगून ठेवलं, साहेब फोटो घेऊन येणार आहेत. (घेऊन आलेही. पुढे वाचा.)

आता शोकसभेला काय लागतं? चार माणसं आणि दोन मिनिटं शांतता. आमच्या कमिटीला पाहुणा दिसला की हात शिवशिवतात. वेशीपासून हलगी, लेझीम, कोल्हापुरी फेटा, शाल, श्रीफळ, सगळं झालं. पुढे खुर्चीवर चंद्रसेनचाच मोठा फोटो ठेवलेला, त्याला झेंडूचा हार आणि खाली उदबत्ती. स्वतःचा फोटो हारात बघून तो गृहस्थ फेट्यासकट पांढरा पडला. हे काय म्हणून विचारलं, तर हंबीरराव म्हणतात, "सकाळीच घातलाय साहेब, ताजा हाय."

भाषणात त्यानं सांगितलं, की एका सिनेमात त्याच्याही अंगावर छप्पर पडलं होतं. पुठ्ठ्याचं! मग पोरांनी उडी मागितली, आणि हा बाबा टेबलावर चढून मारतो की उडी. फेटा एकीकडे, आपण एकीकडे. पोरं हसली, भाऊजी. महिन्यात पहिल्यांदा हसली. मला राग आला, आणि बरंही वाटलं, त्याचा आणखी राग आला.

शेवटी त्यानं सहीचे फोटो वाटले. तानाबाई शेवटच्या रांगेत पदर सावरून बसली होती. तिनं दोन्ही हातांनी फोटो घेतला, बराच वेळ बघितला, आणि परत त्याच्या हातात दिला. म्हणाली, "ह्ये आमचं न्हवंत." कुणी सांगेना, तेव्हा मीच त्याला सगळं सांगितलं. त्यानं फेटा काढला आणि तिच्याशेजारी खाली जमिनीवर बसला, गाडीचा हॉर्न वाजत होता तरी. म्हणजे धड त्याच्यावरही रागवायची सोय ठेवली नाही. हंबीररावांवर मात्र रागवलोय ते रागवलोय.

अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
नृसिंह

ता. क. - तो हार मी घातला होता. आणला होता आकारामसाठी. फोटोच नाही, तर हार हातात धरून किती वेळ उभा राहणार? समोर फोटो दिसला, वीस वर्षांच्या मास्तरकीची सवय, घातला. हंबीररावांना हे कळवू नये.

ता. क. २ - पत्र खरं यासाठी. अडुसष्ट साली शाळेचा ग्रुप फोटो काढायला तुम्ही स्वतः आला होतात. आकाराम इस्त्रीचा सदरा घालून मागच्या रांगेत उभा राहिला होता, आणि शिपायांनी बाजूला व्हावं असं ओरडलो तो मीच. ऐन वेळी ओरडून एक फोटो वाया घालवला म्हणून तुम्ही मला झापलंत, मग दुसरा काढलात. तो वाया गेलेला पहिला फोटो तुमच्याकडे असेल का? जुने डबे उघडून बघा, पाया पडतो. चेहरा हलला असेल, अर्धाच आला असेल, तरी पाठवा. तानाबाई म्हणते, नुस्ता खांदा आला आसला तरी मी वळकीन.