मामाजींचा कोट आणि मारबत

इतवारी, नागपूर
२ सप्टेंबर १९७३

रा. रा. रुपरावजी यांस मनोहरचा सप्रेम नमस्कार.

आम्ही सर्व इथे मजेत आहोत. तुमच्याकडे बैल, माणसं आणि कपाशी (तुमच्या घरात विचारपूस याच क्रमाने होते, हे मी लग्नानंतर शिकलो) खुशाल असतील, अशी आशा आहे. तुमच्या वडिलांचे, म्हणजे आमच्या मामाजींचे, डोळे दाखवून झाले. नवा चष्मा मिळाला. आता त्यांना लांबचं, जवळचं आणि आमच्या भाजीतलं कमी तिखट असं सगळं स्वच्छ दिसतं. त्यांना न्यायला यायची अजिबात घाई करू नका. घर त्यांचंच आहे.

पत्राचं कारण त्यांचा काळा कोट. तोच, त्यांच्या लग्नात तुमच्या आईच्या वडिलांनी दिलेला, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचा गरम कोट. मामीजींनी तो या खेपेलाही त्यांच्या पेटीत भरून दिला होता. (भर पावसाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला गरम कोट कशाला, हे विचारायची हिंमत तुमच्या घरात कुणाला नाही, मग मी तर जावई.) पेटीतून काढून तो आमच्या खुंटीवर वारा खात होता.

पोळ्याच्या दिवशी तुमची बहीण सिंधू पुरण वाटत असताना आमच्या मोहल्ल्यातल्या मंडळाचे भैय्याजी दारात आले. तुम्हाला ठाऊकच आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे गावाची पीडा सोबत नेणारी राक्षसी बाहुली, निघते. तिच्यासोबत लोकांना छळणाऱ्यांचे पुतळे, म्हणजे बडगे, मिरवत नेतात आणि गावाबाहेर जाळतात. आमच्या मंडळाचा बडग्या यंदा रॉकेलचा साठेबाज होता. पोट भरपूर कडबा कोंबून तयार, पण अंगावर घालायला काही नव्हतं. भैय्याजींनी जुना कपडा मागितला. सिंधूचे हात पुरणात. तिने आतूनच सांगितलं, "खुंटीवरचं काळं घ्या, जी." तिच्या मनात माझा फाटका रेनकोट होता. (तो तरी मी द्यायला कुठे सांगितलं होतं, हा प्रश्न वेगळा.) भैय्याजींनी काळ्यातलं चांगलं काळं निवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवर एकटा रेनकोट पाहून भैय्याजींनी काय नेलं ते सिंधूला उमगलं. मामाजी न्हाणीत होते. मी दाराबाहेरूनच ओरडलो की कोट धोब्याकडे दिला आहे, आणि चप्पल न घालताच पळालो.

मिरवणूक निघाली होती. ताशांच्या गजरात आणि त्या गर्दीत मला आधी दिसला तो कोट. साठेबाजाच्या पोटावर बटणं अशी ताणली होती की जेवणावळीनंतरचे मामाजीच वाटावेत. मी हातगाडीवर चढलो आणि बडग्याच्या बाहीला झोंबलो. भैय्याजींनी माझा पाय धरला.

"काहून गा मनोहरभाऊ, अंगात आलं का?"

"कोट काढून राहिलो. सासऱ्याचा आहे!"

"आता नाही निघत. बडग्याचं उतरवलं तं पीडा वापस मोहल्ल्यात येते. आख्खा मोहल्ला बीमार पाडता का?"

मी सोडेना, ते सोडेनात. या ओढाताणीत मी घुमतो आहे असा लोकांचा समज झाला. एका म्हातारीने आपला नातू माझ्या पायावर घातला आणि त्याचा खोकला जाईल का, म्हणून विचारलं. मी घाबरून 'जाईल' म्हणालो. मग आणखी तिघी पुढे आल्या.

तेवढ्यात समोरच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर मामाजी उभे दिसले. नवा चष्मा लावून. ते ओटा उतरले, गर्दीने वाट दिली, आणि ते सरळ गाडीपाशी आले. माझा एक हात साठेबाजाच्या बाहीत, दुसरा म्हातारीच्या नातवाच्या डोक्यावर.

"मामाजी, आत्ता काढून देतो," मी म्हणालो.

त्यांनी कॉलर चाचपून पाहिली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "काहून काढता, जवाईबुवा? लगन झालं तवापासून आंगावर वागवून राहिलो. वैशाखातल्या लग्नात सारे पंख्याखाली बसते, मी ह्याच्यात शिजतो. पण तुमची सासू म्हणते, माह्या बाबानं देल्ला. जाऊ द्या."

आणि निसटलेलं एक बटण त्यांनी स्वतःच्या हाताने साठेबाजाच्या पोटावर लावलं. मग असे ओरडले की ताशेवाला थांबला, "घेऊन जा गे मारबत!"

मात्र गावाबाहेर कोटाने पेट घेतला तेव्हा मी पाहिलं, तर ते चष्मा पुसत होते. "धुपट गेलं डोयात," म्हणाले. बराच वेळ पुसला.

घरी सिंधू रडून लाल झाली होती. तिला खरं सांगावं, तर मामाजींनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि स्वतः तोंड पाडून बसले. तेव्हापासून ती पश्चात्तापाने रोज पुरणपोळी करते आहे आणि ते जड अंतःकरणाने चार-चार खात आहेत.

मामीजींना एवढंच कळवा की कोट चोरीला गेला. नागपुरात काहीही चोरीला जातं, यावर त्यांचा विश्वास आहे.

मुलांना आशीर्वाद, मामीजींना शिरसाष्टांग.

आपला,
मनोहर

ता. क. घाई करू नका असं वर लिहिलं, ते सिंधू मागे उभी होती म्हणून. कृपा करून शनिवारच्या एस.टी.ने या. मामाजी आता मंडळाचे सल्लागार झाले आहेत. पुढच्या वर्षीच्या बडग्याची बैठक सकाळपासून आमच्या ओसरीत भरते आणि चहाचं आधण चुलीवरून उतरत नाही. काल त्यांनी माझ्या आरामखुर्चीवर हात फिरवून मायेने विचारलं, "जवाईबुवा, हे तुमाले मनापासून आवडते का?" मला झोप नाही.

ता. क. रुपराव, जवाईबुवानं कागद टपालात टाकाले माह्याजवळ देल्ला. चष्मा कसा चालते ते पाहाले वाचला. चांगला चालते. शनिवारी येऊ नको. चोरीचं काही सांगू नको, तुही माय पोलिसात जाईन. खरं काय ते तूच तिले सांग. माह्यानं तिच्यासमोर बोलणं होत नाही, म्हणून तं इथं बसून राहिलो. तिचा राग उतरला का कागद धाड, मंग येतो. — चंपतराव