पेटीवर बसलेली बाई

सान एलेउतेरियो,
२३ मार्च १९८६

प्रिय फ्लोरिंगताईस,

धाकट्या क्रिसांताचा नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? भावोजी रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतात, की अजून तू पाठ वळवलीस की कुंडीत टाकतात? एडमंटनच्या थंडीत दोघांनी जपून राहा. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, आणि 'ठीक' हा शब्द मी बऱ्याच वर्षांनी खरा लिहिते आहे. आजवरची माझी पत्रं तुला कंटाळवाणी वाटली असतील (पाऊस, कोंबड्या, शाळेचं गळकं छप्पर), पण त्यात माझ्या बुद्धीचा दोष नव्हता. आपल्या पोस्टात पाकिटं उघडून वाचणारे जे गृहस्थ होते, त्यांना कोंबड्यांत गोडी नव्हती, म्हणून पत्र तुझ्यापर्यंत पोचायचं. ते गृहस्थ सध्या नवी नोकरी शोधताहेत. तेव्हा आज सगळं सविस्तर लिहिते. चहा करून बस.

निवडणुकीआधी महिनाभर आमच्याकडे रोज परदेशी रेडिओ चालू असायचा. तुमच्या तिकडच्या देशांना आमची 'काळजी' वाटत होती. आठवड्याने ती 'तीव्र काळजी' झाली, मग 'अतिशय तीव्र'. आमचे हे म्हणाले, काळजी करायला घरची माणसं पुरेशी आहेत, त्यापेक्षा कुणीतरी इथे येऊन उभं राहावं. आणि खरंच एक जण आला. विनिपेगचे निवृत्त न्यायाधीश, ऑर्डवेसाहेब. उंची अशी, की माझ्या वर्गात येताना त्यांचं डोकं चौकटीला आपटलं आणि बाहेर जातानाही आपटलं. (दोन्ही वेळा त्यांनी चौकटीची माफी मागितली.) ते निरीक्षक होते. म्हणजे बघायचं, वहीत लिहायचं, कशाला हात लावायचा नाही आणि मधे पडायचं नाही. मी मनात म्हटलं, झालं, एवढ्या लांबून आणखी एक मुलगा आला वर्गात बसायला.

पण मला गंमत सुचत नव्हती, ताई. तेओदुलोसर तुला आठवतात ना, गणिताचे, बेनिताचे यजमान? मागच्या निवडणुकीत या केंद्राचे प्रमुख तेच होते. नगराध्यक्ष साबार्तेंच्या माणसांनी आधीच आकडे भरलेला निकालाचा तक्ता आणला आणि सही मागितली. सरांनी सही केली नाही. पुढच्या जूनमध्ये त्यांच्या टेबलात कसलीशी पत्रकं 'सापडली' आणि त्यांना भर वर्गातून उचलून नेलं. आठ महिने बेनिता दर रविवारी भाताचा डबा घेऊन जिल्ह्याच्या तुरुंगात जात होती, आणि निम्म्या वेळा पहारेकरी डबा आत घ्यायचे, तिला नाही. हे मी तुला कधी लिहिलं नाही. कोंबड्यांबद्दल लिहिलं. या वेळी त्यांच्या जागी केंद्रप्रमुख म्हणून मला नेमलं, कारण मी लठ्ठ आहे, निमूटपणे शिकवते आणि सही सांगाल तिथे करीन असा साबार्तेंचा समज होता. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत.

सात फेब्रुवारीला सकाळपासून रांगा लागल्या. दुपारी साबार्तेंनी ऑर्डवेसाहेबांना जेवायला बोलावलं. मी डोळ्यांनी खुणावत होते, पण विनिपेगमध्ये डोळ्यांनी बोलत नसावेत. साहेब सभ्यपणे गेले. तिथे अख्खं भाजलेलं डुक्कर, रक्तातली आमटी, नारळाची दारू, आणि ताटातलं काही टाकलं तर यजमानांचा अपमान होतो असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं. तीन वाजता मतदान संपायला साहेब परत आले ते भिंतीला धरून. रंग खडूसारखा. मी मतपेटी टेबलावर ठेवली, साहेबांनी वही उघडली, एक क्षण माझ्याकडे फार दुःखाने पाहिलं, आणि ते शाळेमागच्या संडासाकडे धावले. चौकटीची माफी न मागता.

नेमकी तेव्हाच साबार्तेंची जीप आली. चौघे उतरले, दोघांकडे बंदुका. पुढे आमचा पोलिकार्पियो, ज्याला मी दुसरीत दोनदा शिकवलं. हातात तक्ता, सगळे आकडे भरलेले: सत्तेवरच्या म्हाताऱ्या साहेबांना दोनशे चौदा, त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या पिवळ्या कपड्यांतल्या बाईंना शून्य. माझ्या दोन्ही सहायक शिक्षिकांनी फळ्याकडे तोंड केलं. (मी त्यांना दोष देत नाही. माझंही तोंड वळत होतं.) मला एकच सुचलं. मी पेटी खाली ठेवली आणि तिच्यावर बसले.

"बाई, उठा ना," पोलिकार्पियो म्हणाला.

"वर्गात येताना सिगारेट बाहेर टाकायची," मी म्हटलं. त्याने टाकली.

त्यापुढची चाळीस मिनिटं मी बसून होते. पेटी लोखंडी होती आणि तिच्या झाकणाला कडी होती, एवढंच सांगते. त्यांनी विनवण्या केल्या, मग धमकी दिली, मग पेन्शनचा विषय काढला. एकाने बंदूक टेबलावर आवाज करून ठेवली. मला तेओदुलोसरांचा डबा दिसत होता, आणि तो आमच्या ह्यांना नीट भरता येणार नाही हेही दिसत होतं. साडेतीन वाजता त्यांनी ठरल्याप्रमाणे शाळेची वीज तोडली. बाहेर फेब्रुवारीचं लख्ख ऊन होतं. वर्गात काहीच फरक पडला नाही. पण हुकूम होता, त्यांनी पाळला. खिडकीबाहेर एव्हाना गाव जमलं होतं, आणि आमचे हे सर्वांत मागे उभे राहून सर्वांत मोठ्याने मला धीर देत होते.

शेवटी ऑर्डवेसाहेब आले. ओले, पांढरेफटक, हातात वही. मधे पडायची त्यांना मनाई होती, आणि ते पडले नाहीत. त्यांनी फक्त पोलिकार्पियोला नाव विचारलं. मी भाषांतर केलं. त्याने सवयीने सांगून टाकलं. साहेब म्हणाले, स्पेलिंग सांगा.

पोलिकार्पियोने 'पी, ओ, एल'पर्यंत सांगितलं. तो माझ्याकडे वळला. "बाई, 'एल'नंतर काय?"

"'आय'," मी पेटीवरून म्हटलं. "आणि आडनावही सांग. साहेबांना पूर्ण लागतं."

साहेबांनी सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं आणि उरलेल्या तिघांकडे पाहिलं. त्या तिघांना अचानक नावंच नव्हती. ते जीपकडे बघू लागले. पोलिकार्पियोने हळूच विचारलं, हे नाव जाणार कुठे? मी साहेबांना विचारलं. ते प्रामाणिकपणे म्हणाले, अहवालाच्या परिशिष्टात. मी भाषांतर केलं: "सगळ्या जगात."

"खोडायला सांगा ना, बाई."

साहेब म्हणाले, लिहिलेलं खोडता येत नाही, पण गृहस्थ स्वतःहून निघून गेले असं खाली जोडता येईल. पोलिकार्पियोने तक्त्याची घडी करून खिशात घातली, मला वाकून नमस्कार केला आणि स्वतःहून निघून गेला. ताई, मला उठायला दोघींची मदत लागली. पाय पूर्ण बधिर झाले होते. पण हाताने नाव लिहिलेली एकेक चिठ्ठी मी माझ्या आवाजात वाचली, खिडकीतल्या माणसांनी बोटांवर मोजली, आणि फळ्यावर आकडा पडला: पिवळ्या कपड्यांतल्या बाईंना दोनशे तीन, म्हाताऱ्या साहेबांना अकरा.

सहीच्या तक्त्याची एक प्रत ऑर्डवेसाहेबांनी मोज्यात घालून राजधानीला नेली (पोटासाठी पेरूच्या पानांचा काढा बाटलीत भरून दिला होता). तरी तिकडे म्हाताऱ्या साहेबांनाच विजयी जाहीर केलं. परदेशांची काळजी आता 'खेद' झाली. कुठल्याशा मोठ्या देशाचा कुणी अधिकारी म्हणाला की गडबड दोन्हीकडून झाली असावी, तेव्हा ह्यांनी रेडिओला चप्पल मारली. मी दोन दिवस जेवले नाही. वाटलं, पेटीवर बसून काय मिळालं? आणि तिसऱ्या दिवशी त्याच रेडिओवर ऑर्डवेसाहेबांचा आवाज. पत्रकारांपुढे आमचा तक्ता वाचत होते. गावाचं नाव त्यांनी इतकं वाकडं उच्चारलं, की पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा सगळी गल्ली घराबाहेर आली. पुढचं तुला माहीतच आहे. चार दिवस माणसं रणगाड्यांपुढे उभी राहिली, आणि वीस वर्षं सत्तेवर असलेले साहेब विमानात बसून देश सोडून गेले. साबार्ते सासुरवाडीला गेले आहेत, प्रकृतीसाठी.

मंगळवारच्या बसने तेओदुलोसर सुटून आले. निम्मे झाले आहेत. घरी न जाता आधी शाळेत आले, बेनिता मागे. फळा मी पुसू दिला नव्हता. ते बोटाने एकेक ओळ मोजत खालपर्यंत गेले. म्हणाले, "बेरीज बरोबर आहे, क्रिसांता." आणि पहिल्या बाकावर बसून रडले. आम्ही सगळेच रडलो. मग मुलांना सुट्टी दिली.

मुलांना पापा, भावोजींना नमस्कार.

तुझी,
क्रिसांता

ता. क. ते अकरा कोण, याचा गावात अजून शोध चालू आहे. दहा मला माहीत नाहीत. अकराव्या चिठ्ठीवरचं अक्षर मी उघडताक्षणी ओळखलं. तेवीस वर्षं वाणसामानाच्या यादीवर बघते आहे. विचारलं तर हे म्हणतात, वीस वर्षं हाताला तेच नाव लिहायची सवय, लिहून झाल्यावर लक्षात आलं. मत मी मोठ्याने वाचलं आणि मोजलं. जेवायला मात्र त्या दिवशी वाढलं नाही.

ता. क. २. खरं म्हणजे पत्र लिहायला बसले ते याच्यासाठी. ऑर्डवेसाहेबांचं पत्र आलं आहे. ऑक्टोबरात त्यांच्या गावी नगरपालिकेची निवडणूक आहे आणि ती बघायला त्यांनी मला रीतसर बोलावलं आहे. मी होकार कळवला. तेव्हा तुझा तो करडा लोकरी कोट पाठव, बटणं सरकवून घेईन. ह्यांनाही यायचं आहे. ह्यांच्यासाठी कोट पाठवू नकोस.