डॅग्नीची पाणकणसे

हेगलुंड, मिनेसोटा
२ जून १९६४

तीर्थरूप रग्नाताईस,
धाकट्या आर्विडचा सा. न. वि. वि.

पंचवीस तारखेस चर्चच्या महिला मंडळाची कॉफी डॅग्नीच्या स्मरणार्थ माझ्याकडे आहे; तत्पूर्वी दिवाणखान्यातील फुलदाणीतली पिंजारलेली पाणकणसे फेकावीत, ही आपली सूचना वाचली. क्षमस्व. ती तिने सप्टेंबरात स्वतः दलदलीत उतरून आणली. नोव्हेंबरात ती गेली. आमच्या संसारात तिच्या हातचे मांडलेले एवढेच उरले आहे. कापूस बाहेर आला असला, तरी उडालेला नाही. तिने त्यावर केसांचा स्प्रे मारला होता. त्याच्या टिकाऊपणाबद्दल मी उत्पादकांस अभिनंदनाचे पत्र धाडले आहे.

रागावलात तरी लोभात कपात नसावी.
आपला, आर्विड


डुलुथ
६ जून

चि. आर्विडला अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, माझ्या डोक्यावर तो स्प्रे चर्च सुटेपर्यंत टिकत नाही, कणसावर नऊ महिने टिकेल? एक उकलून बघ. आत अळ्या असणार. थंडीभर बिया खातात आणि धागे विणून कापूस बांधून ठेवतात. मंडळाच्या बायका गावभर सांगतील, डॅग्नीच्या घरात किडे झाले म्हणून. तिच्या नावासाठी तरी फेक.

शेजारणींनी दिलेली हॉटडिश खातोस ना, की तीही जपून ठेवलीस?

तुझ्या काळजीत, रग्नाताई


हेगलुंड
२७ जून

तीर्थरूप रग्नाताईस,
सा. न. वि. वि.

आपले निदान अचूक होते. उकललेल्या कणसात अळ्यांचे कोष आढळले. झोपलेले बिऱ्हाड बाहेर काढणे मला प्रशस्त वाटले नाही. उत्पादकांस दुरुस्तीपत्र धाडले.

कॉफीच्या वेळी पाद्र्यांनी प्रार्थना आरंभली आणि पहिला पतंग निघाला: नखाएवढा, गव्हाळ, पंखांवर गडद ठिपके. पाठोपाठ आणखी आले. त्यांतला एक श्रीमती ओफ्स्टेड यांच्या टोपीवर विसावला. सर्वांचे डोळे मिटलेले; माझे, खेदाने नमूद करतो, उघडे होते. आमेननंतर बाईंनी टोपी उतरवली, पतंग न्याहाळला आणि म्हणाल्या, "डॅग्नीनं आजही खुर्च्यांपेक्षा जास्त पाहुणे बोलावलेत."

मी हसलो. नोव्हेंबरनंतर प्रथमच. थांबता येईना, तेव्हा पाद्र्यांनी मला पाणी दिले.

हे पतंग अंडी पाणकणसांवरच घालतात, म्हणून सायंकाळी फुलदाणी दलदलीकाठी नेली. ते सारे गेल्यावर कणसे मीच उकलली. कापूस वाऱ्यावर गेला. मी अडवला नाही.

फुलदाणी रिकामी आहे. सप्टेंबरात अवश्य यावे. डॅग्नीचे रबरी बूट आपल्या मापाचे आहेत. चिखलात आपण उतरावे. मी काठावरून सूचना देईन. तिच्या वेळीही व्यवस्था हीच होती.

येण्याइतका लोभ असावा.
आपला, आर्विड